टेम्पोने उडवलंय, नुकसानभरपाईचा क्लेम टाकायचाय. पुढे काय काय होतं?

धोटा | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहायची वेळ अशी येईल असं वाटलं नव्हतं.

धाकटा भाऊ, वय ३४. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. बारा दिवसांपूर्वी रात्रपाळी सुटून सकाळी सातच्या सुमारास गाडीवर घरी येत होता. मागून मालाचा टेम्पो आला आणि उडवलं. ड्रायव्हर पुढे जाऊन थांबला, पळाला नाही. नंबर आहे. भावाचं उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. गुडघ्याचं लिगामेंट पण गेलंय. तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणालेत. मागावर बारा तास उभं राहायचं काम आहे, बसून होत नाही.

आजपर्यंत २ लाख १० हजार गेले. भावजयीचं गंठण गहाण पडलंय. टेम्पोचा मालक दवाखान्यात येऊन गेला. माणूस वाईट वाटला नाही. ५० हजार देतो, मिटवून टाकू म्हणतो. दोन दिवसांनी एक अनोळखी गृहस्थ आले आणि कोऱ्या कागदावर सही मागू लागले. "क्लेम करून देतो, तुम्हाला काही करायचं नाही." भावजयीनं सही दिली नाही, पण नंबर ठेवलाय.

फिर्याद तिसऱ्या दिवशी दिली. भावाचं लायसन्स चार महिन्यांपूर्वी संपलंय, त्याची धाकधूक आहे. पगार आठवड्याला रोख, पावती वगैरे काही नाही. कोणी यातून गेलंय का? किती वर्षं, किती पैसे, आणि घरच्यांनी आत्ता काय करायचं?

सरळ_बोल | सोमवार, रात्री ११.४१

५० हजार घ्या आणि मोकळे व्हा. कोर्टात चपला झिजतात, हातात वकिलाचं बिल राहतं. मी स्वतःच्या घरात पाहिलंय.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ११.४४

५० हजारात आजकाल नुसता रॉड पण येत नाही बे.

पुणे_नाका | मंगळवार, सकाळी ८.०५

धोटा, माझंच सांगतो.

डिसेंबर २०१९. मंगळवेढ्याहून रात्री येत होतो. रस्त्यातच उसाची ट्रॉली उभी, मागे रिफ्लेक्टर नाही, पार्किंग लाईट नाही. टायर बदलायला लावलेली. समोरून एक गाडी आली, तिच्या उजेडात डोळे दिपले आणि सरळ ट्रॉलीत गेलो. जबडा, खांदा आणि डाव्या हाताची दोन बोटं. तीन आठवडे नळीतून जेवण.

क्लेम २०२० मध्ये टाकला, लगेच लॉकडाऊन लागला. वर्ष दीड वर्ष काहीच हललं नाही. मग ट्रॉलीच्या विमा कंपनीचं म्हणणं आलं: "अर्जदाराने मागून येऊन धडक दिली, त्याचीच चूक." माझी उलटतपासणी वीस मिनिटं झाली. मोबाईलवर बोलत होता का, वेग किती होता, हेल्मेट होतं का, चष्म्याचा नंबर कधी तपासला. शेवटचा प्रश्न, "आज कोर्टात कशावर आलात?" म्हटलं, गाडीवर. "म्हणजे गाडी चालवता येते तर." तेवढंच कंपनीच्या वकिलाला हवं होतं.

निवाडा २०२४ मध्ये. ट्रॉलीवाल्याची चूक ७५ टक्के आणि माझी २५ टक्के धरली, तेवढी रक्कम कापली. तरी व्याजासकट साडेसहा लाखांच्या आसपास बसले. कंपनी अपिलात गेली, पण निम्मी रक्कम भरावी लागली आणि त्यातली काही मला काढू दिली. अपील मुंबईला उच्च न्यायालयात होतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचंच कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, आपला जिल्हा त्यात आला, आता फाईल तिकडे.

सरळ_बोल म्हणतात ते खोटं नाही, चपला झिजतात. पण मी त्या ट्रॉलीवाल्याचे तेव्हाचे ३० हजार घेतले असते तर आज रोज सकाळी दात घासताना स्वतःला शिव्या दिल्या असत्या.

काळा_डगला | मंगळवार, दुपारी २.३०

जिल्हा न्यायालयात क्लेमची कामं करतो, म्हणून लिहितोय. तुमच्या वकिलाची जागा घ्यायची नाहीये.

आधी ५० हजारांचं. टेम्पोचा विमा चालू असेल, ड्रायव्हरचं लायसन्स त्या वाहनाचं असेल, तर पैसे टेम्पोवाल्याच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी भरते. हे त्याला नीट समजावून सांगा. तो घाबरून मिटवायला बघतोय. नोटरीवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दिलंत तर कंपनीचा वकील तोच कागद तुमच्या विरुद्ध पुरावा म्हणून लावेल. विमा चालू आहे का ते एमपरिवहन ॲपवर गाडीच्या नंबरावरून दिसतं. आजच बघा. विमा नसेल तर मात्र नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्याकडून वसूल करावं लागतं, मग गाडी दुसऱ्याला विकली असली तरी.

कायदा १९८८ चा मोटार वाहन कायदा. कलम १६६ मध्ये समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण नुकसान जेवढं सिद्ध कराल तेवढं मिळतं. कलम १६४ मध्ये चूक दाखवायची नाही, पण गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख, संपलं. पायाचं हाड मोडलेला ३४ वर्षांचा कामगार असेल तर मी १६६ च टाकेन.

मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्यांची अट परत आणली, १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. तिच्या वैधतेचा वाद सुप्रीम कोर्टात आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिला की तूर्त केवळ उशिरासाठी अर्ज फेटाळू नका. त्याच्या भरवशावर बसू नका. अर्ज सहा महिन्यांच्या आत टाका. अपंगत्वाचा दाखला नंतर आला तरी चालतो, तो उपचार संपल्याशिवाय काढूच नये.

लायसन्स संपल्याची फार काळजी नको. त्याचा दंड वेगळा, पण लायसन्स नाही म्हणून अपघात त्याच्या चुकीनं झाला असं होत नाही. टेम्पो मागून आलाय. मात्र टेम्पोच्या ड्रायव्हरचं लायसन्स नसेल तर कंपनी हात वर करते. तशा वेळी बऱ्याचदा कोर्ट कंपनीला सांगतं, आधी जखमीला द्या, नंतर मालकाकडून वसूल करा.

त्या कोऱ्या कागदवाल्याला दारात उभं करू नका.

धोटा | मंगळवार, रात्री ९.१५

मनापासून आभार. टेम्पोचा विमा आहे, ॲपवर दिसला. पण भावाच्या कमाईचा पुरावाच नाही, त्याला किती फरक पडतो?

काळा_डगला | मंगळवार, रात्री १०.०२

आकड्यात सांगतो, म्हणजे कळेल. समजा डॉक्टरनं आणि कोर्टानं मिळून धरलं की कमाईची ताकद ३० टक्के गेली. वय ३४, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाच्या तोट्याला ज्यानं गुणायचं तो आकडा) १६. चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, ते २०१७ च्या प्रणय सेठी निकालावरून.

महिना १५ हजार सिद्ध झाले तर: वर्षाचे १ लाख ८० हजार, वाढ धरून २ लाख ५२ हजार, त्याचे ३० टक्के ७५,६००, गुणिले १६ म्हणजे १२ लाख ९ हजार ६००.

पुरावा नाही म्हणून कोर्टानं महिना ९ हजार धरले तर तेच गणित ७ लाख २५ हजार ७६० वर येतं.

एका कागदाचा फरक पावणेपाच लाखांच्या वर. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदना हे सगळं याच्याशिवाय. आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

निवृत्त_फाईलवाला | बुधवार, सकाळी ७.१०

मी आयुष्यभर दुसऱ्या बाजूला बसलो. विमा कंपनीच्या क्लेम विभागात होतो, आता निवृत्त. काय बघायचो ते सांगतो, आता कोणाला लपवू.

फाईल आली की रक्कम कोणी वाचत नाही. आधी दवाखान्याचा पहिला केस पेपर काढायचा. त्यावर वरच्या कोपऱ्यात डॉक्टर दोन ओळी लिहितो: रुग्ण कसा आला, कोणी आणला, काय झालं म्हणाला. अपघातानंतर अर्ध्या तासात लिहिलेल्या त्या दोन ओळी नंतरच्या वीस पानी फिर्यादीपेक्षा आम्हाला प्रिय. तिथे "गाडीवरून घसरून पडला" असं लिहिलेलं सापडलं की साहेबांना चहा पाजायचो. कारण मग टेम्पो आलाच कुठून? फिर्यादही तिसऱ्या दिवशी, म्हणजे विचार करून टेम्पो घातला असं म्हणायला मोकळे.

धोटा, तुम्ही तो पहिला कागद वाचलाय का? डिस्चार्ज कार्ड नव्हे. पहिला.

धोटा | बुधवार, रात्री ८.४८

काका, हात थरथरायलेत लिहिताना.

आज दवाखान्यात जाऊन झेरॉक्स काढली. निळ्या पेनानं लिहिलंय: "दुचाकीवरून घसरून पडल्याचा इतिहास, रिक्षाचालकाने आणले." टेम्पोचं नावच नाही. भाऊ तेव्हा शुद्धीत नव्हता. रिक्षावाल्याला विचारलं असणार, आणि पोलिसांचं लफडं नको म्हणून तो तसं बोलला असणार. मी डॉक्टरना म्हटलं दुरुस्त करून द्या, ते म्हणाले आता जमत नाही.

निवृत्त_फाईलवाला | बुधवार, रात्री ९.३०

डॉक्टर बरोबर बोलले. त्या कागदावर खाडाखोड करायला कोणालाही सांगू नका. खाडाखोड झाली की तो कागद तुमच्या विरुद्ध दुप्पट जोरानं बोलतो.

रिक्षावाला शोधा. दवाखान्याच्या दाराशी उभे राहणारे एकमेकांना ओळखतात. त्याला सांगा, जखमीला उचलून आणणाऱ्याला कायद्यानंच संरक्षण आहे, कलम १३४अ, पोलीस त्याला त्रास देऊ शकत नाहीत. त्याचा जबाब तपास अधिकाऱ्याकडे नोंदवा: मी पडताना बघितलं नव्हतं, आल्यावर पडलेला दिसला, म्हणून घसरला म्हणालो. एवढं खरं बोलला तरी ती ओळ बोथट होते. बाकी स्थळ पंचनाम्यात टेम्पोच्या बंपरवर रंग लागलाय का, भावाच्या गाडीचं मागचं मडगार्ड चेपलंय का, ते लिहिलंय का बघा. गाडी मागून ठोकली हे मडगार्ड सांगतं. गाडी दुरुस्तीला टाकली नाही ना अजून?

धोटा | बुधवार, रात्री ९.३६

नाही. घराच्या बोळात तशीच उभी आहे. मागचं मडगार्ड आणि नंबर प्लेट पूर्ण आत गेलीय.

निवृत्त_फाईलवाला | बुधवार, रात्री ९.३८

हात लावू नका तिला. फोटो काढा, आणि आरटीओची तपासणी झालीय का ते पोलिसांना विचारा.

सरळ_बोल | बुधवार, रात्री १०.१५

हे वाचून मी जरा गप्प बसतो. आमच्या घरच्या केसमध्ये असंच काहीतरी झालं होतं असं आता वाटायलंय. वकील फक्त "पुरावा कमी पडला" म्हणाला होता.

विडीवाली_पोर | गुरुवार, दुपारी ४.२०

दादा, कमाईच्या पुराव्यावर लिहिते. माझी आई विड्या वळते. मामाच्या गाडीवर मागे बसली होती, एका कारनं सिग्नल तोडून ठोकलं, उजवं मनगट गेलं. दाखल्यावर हाताचं अपंगत्व १२ टक्के. कंपनी म्हणाली, १२ टक्क्यांनी काय होतं, तेही एका हाताचं, पूर्ण शरीराचं नाही.

आमच्या वकीलबाई होत्या विधी सेवा प्राधिकरणाकडून, फुकट. जिल्हा न्यायालयातच त्यांचं ऑफिस आहे. बायकांना, औद्योगिक कामगारांना, अपंगांना उत्पन्न न बघता मिळतो वकील, तुमच्या भावालाही मिळेल. बाई आईला म्हणाल्या, येताना पानं आणि कात्री घेऊन या. न्यायाधीश साहेबांनी आधी पेन दिलं, धरून दाखवा. आईनं धरलं. कंपनीचे वकील हसले. मग बाई म्हणाल्या, साहेब, पेन नको, विडीचं तोंड मोडायला सांगा. ते नखानं आत दाबावं लागतं, मनगट वळवून. आईची तीन पानं फाटली. चौथी विडी झाली ती ढिली. कोणी काही बोललं नाही. पूर्वी दिवसाला हजार वळायची, आता चारशे होत नाहीत.

कमाईचा पुरावा म्हणून विडी कारखान्याचं पासबुक होतं, त्यात रोजच्या विड्यांची नोंद. शेवटी लोकअदालतीत २ लाख ४० हजारांवर मिटवलं. कमी घेतले हे माहीत आहे, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, कंपनी वर जाऊ शकत नाही. दोन महिन्यांत आईच्या खात्यावर आले. आम्हाला तेव्हा ते बरं पडलं.

काळा_डगला | गुरुवार, संध्याकाळी ६.५०

ताई, तुमच्या वकीलबाईंना नमस्कार सांगा. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल नेमकं हेच सांगतो: डॉक्टरचा टक्का वेगळा आणि कमाईतला तोटा वेगळा. मांडी मोडलेला कारकून खुर्चीत बसून काम करतो, माग चालवणारा बसू शकत नाही. दाखला देणारे डॉक्टर साक्षीला आले पाहिजेत, आणि त्यांना "बारा तास उभं राहता येईल का" हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. बरेच वकील नुसता दाखला दाखल करून मोकळे होतात.

धोटा, कारखान्याच्या मालकाकडून मजुरीचं पत्र मिळतंय का?

धोटा | शुक्रवार, रात्री ११.०५

मालक चांगला आहे, पण पत्र म्हटलं की तोंड फिरवतो. हजेरीपटावर सगळे कामगार नाहीत, पत्र दिलं की पीएफवाले आणि ईएसआयवाले (कामगार विमा) येतील म्हणतो.

निवृत्त_फाईलवाला | शनिवार, सकाळी ६.५५

मालकाचं पत्र एकटं आलं तर आम्ही त्याला फारशी किंमत देत नव्हतो. "ओळखीनं दिलंय" म्हणायचो. अपघाताच्या आधी, क्लेमचा विचार नसताना तयार झालेला कागद शोधा. भावजयीच्या बचत गटाच्या कर्जाचा अर्ज, त्यात नवऱ्याची कमाई लिहिलेली असते. पोराच्या शाळेचा उत्पन्नाचा दाखला बघा, पण जपून. फी माफीसाठी कमी लिहून घेतलेला असेल तर तोच गळ्यात येतो.

धोटा | शनिवार, दुपारी १.३०

काका! घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर भावजय दर आठवड्याचा पगार लिहून ठेवते. तारखेच्या चौकोनात, पेन्सिलनं. ३,६००, ३,९००, ईदच्या आठवड्यात २,१००. तीन वर्षांची कॅलेंडरं माळ्यावर आहेत. आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जाच्या अर्जात महिना १५ हजार लिहिलंय, गेल्या वर्षीचा.

काळा_डगला | शनिवार, दुपारी २.१०

कॅलेंडरं माळ्यावरून उतरवा, पण पानं फाडू नका. भावजय साक्षीला येईल.

दोन गोष्टी राहिल्या. भाऊ ईएसआयमध्ये असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही कामावरचीच इजा धरतात, तिथून इजेमुळे काम बंद असल्याचे पैसे वेगळे. आणि मेडिक्लेम असता तरी त्याचे पैसे यातून वजा झाले नसते, मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं तसं ठरवलंय. फी आधी लेखी ठरवा. टक्क्यावर फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत. तरी चालतं, मी नाही म्हणणार नाही.

धोटा | पाच महिन्यांनी, रविवार, रात्री १०.१०

मंडळी, धागा वर आणतोय.

रिक्षावाला सापडला. तिसऱ्या खेपेला बोलला, जबाब झाला. दोषारोपपत्र दाखल झालं, त्यात मडगार्डचे फोटो आहेत. विधी सेवाचा वकील मिळाला. अर्ज पाचव्या महिन्यात टाकला, कलम १६६. सामनेवाले तिघे: ड्रायव्हर, टेम्पोचा मालक, विमा कंपनी. कारखान्याच्या मालकानं शेवटी पत्र दिलं नाही, पण साक्षीचं समन्स आलं तर खरं सांगेन म्हणाला. बघू.

भाऊ मागावर नाही. कारखान्यातच सुताच्या कांड्या भरायला बसतो, निम्म्या मजुरीवर. पाऊस आला की मांडी ठणकते. गंठण अजून तिथेच आहे.

टेम्पोवाल्याचा काल फोन आला होता, समन्स बघून घाबरला होता. त्याला इथलं काळा डगला साहेबांचं वाचून दाखवलं. पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स घेऊन कोर्टात येतो म्हणालाय. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.

कडक_भाकरी | रविवार, रात्री १०.१४

तारखेला जाताना डबा घेऊन जा बे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी. तारीख पुढे ढकलली तरी डबा खराब होत नाही.